एपकॉटची अन्नजत्रा आणि घरचा हिशेब

प्रवासवर्णने लिहिणारे लोक डोंगर, देवळे, राजवाडे आणि सूर्यास्त यांची वर्णने मोठ्या हौसेने करतात. परंतु त्या प्रवासात मंडळी जेवली कोठे, काय, आणि त्यापायी खर्च किती आला, हे सांगण्याचा त्यांस का कोण जाणे संकोच वाटतो. वस्तुतः ज्या घरातील चार पिढ्या एकत्र बाहेर पडतात, त्या घरच्या गृहिणीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच. वडीलधाऱ्यांस काय चालेल, मुलांस भूक केव्हा लागेल, आणि संध्याकाळी परतताना मिळवत्या माणसाच्या खिशात काय उरेल, या तीन गोष्टींचा विचार ज्याने आधी केला, त्यालाच डोंगर-देवळांकडे स्वस्थ चित्ताने पाहता येते. म्हणून अमेरिकेतील एका प्रसिद्ध उद्यानात भरणाऱ्या अन्नजत्रेस आम्ही सहकुटुंब गेलो त्याची हकीकत सांगताना, इतरांनी जे गाळले असते तेच आम्ही मुख्यत्वेकरून सांगणार आहो.

फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ ‘वॉल्ट डिस्नी वर्ल्ड’ नावाचा विस्तीर्ण करमणुकीचा मुलूख आहे. त्यातील पहिले उद्यान १९७१ साली उघडले, आणि ‘एपकॉट’ हे दुसरे उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी. वॉल्ट डिस्नी यांच्या मनात येथे उद्यान मुळी नव्हतेच. जेथे माणसे खरोखरीच राहतील, कामधंदा करतील, आणि उद्याच्या काळातील नगररचना कशी असावी याचा प्रयोग ज्यांच्या नित्य जीवनातून होईल, अशी एक वसाहत त्यांस उभारावयाची होती. ‘उद्याच्या काळातील प्रायोगिक आदर्श वसाहत’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासूनच ‘एपकॉट’ हे नाव झाले आहे. परंतु डिसेंबर १९६६ मध्ये डिस्नी निवर्तले, आणि वसाहतीची कल्पना त्यांच्याबरोबरच मावळली. मागे राहिलेल्यांनी त्या नावाखाली जे उभे केले, त्याचा अर्धा भाग विज्ञान व यंत्रे यांचा आहे आणि अर्धा भाग देशोदेशींच्या दर्शनाचा.

हा दुसरा भाग एका मोठ्या तळ्याच्या काठाने वर्तुळाकार वसविला आहे. डाव्या हाताने निघाले म्हणजे मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा असे अकरा देश ओळीने लागतात, आणि सुमारे दोन किलोमीटर चालून आपण पुन्हा मूळ जागी येतो. प्रत्येक देशाच्या वाट्याला आलेल्या जागेत त्या देशाच्या धर्तीच्या इमारती, दुकाने व उपाहारगृहे आहेत. १९९६ सालापासून येथे शरद ऋतूच्या सुमारास ‘इंटरनॅशनल फूड अँड वाइन फेस्टिव्हल’ नावाची जत्रा भरू लागली. या दिवसांत तळ्याच्या काठी आणि उद्यानाच्या इतर भागांत मिळून तीसांहून अधिक लहान लहान दुकाने मांडतात. त्यांत वरील अकरा देशांखेरीज ग्रीस, ब्राझील, बेल्जियम अशा इतर देशांचीही दुकाने असतात. आपल्या भारतास त्या अकरांत कायमची जागा नाही. परंतु जत्रेच्या दिवसांत त्याचेही दुकान गेल्या काही वर्षांत लागत आले आहे.

आता या जत्रेची खुबी व तिच्यातील फसगत दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. येथे पदार्थ पोटभर मिळत नाही, चवीपुरता मिळतो. एक लहानशी बशी, तिच्यात दोन-चार घास, आणि किंमत साधारणतः पाच ते दहा डॉलर. एका बशीची किंमत पाहून कोणाचीच छाती दडपत नाही, आणि एका बशीने कोणाचेच पोट भरत नाही. त्यामुळे पाय पुढल्या दुकानाकडे वळतात, तेथून त्याच्या पुढल्याकडे. घरातील आठ माणसांनी आपापल्यापुरत्या सहा-सहा बश्या घेतल्या तर अठ्ठेचाळीस बश्या होतात. सरासरी आठ डॉलर धरले तर तीनशे चौऱ्याऐंशी डॉलर. शिवाय पाटीवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो तेथे शेकडा साडेसहा पडतो, म्हणजे एकंदर आकडा चारशे नऊच्या घरात जातो. आणि एवढे करून रात्री घरी आल्यावर कोणीतरी म्हणतेच, “थोडा वरणभात टाकता का?”

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त टॅम्पा शहरी राहतो. तेथून एपकॉट मोटारीने सुमारे सव्वा तासाच्या अंतरावर आहे. २०२४ सालच्या दिवाळीस आम्ही मंडळी त्याच्याकडे गेलो होतो. मातुःश्री, दादा, वहिनी, आम्ही उभयता, पुतण्या, सूनबाई, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा, अशी नऊ माणसे एका घरी. त्या वर्षी जत्रा २३ नोव्हेंबरपर्यंत होती. शुक्रवारची संध्याकाळ व शनिवार-रविवार या वेळी आसपासच्या गावांतील लोक तेथे लोटतात, म्हणून मधला वार घ्यावयाचा हे ठरलेलेच होते. पुतण्याने प्रथम १२ तारखेचा मंगळवार सुचविला. वहिनींनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले मात्र, त्या म्हणाल्या, “अरे, त्या दिवशी कार्तिकी एकादशी. अन्नाच्या जत्रेला नेऊन आजीला काय साबुदाणा दाखवणार आहेस?” मग १४ तारखेचा गुरुवार मुक्रर झाला.

वार ठरला, पण माणसे ठरेनात. मातुःश्रींनी रात्री शांतपणे सांगितले की, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घरी बाळाला सांभाळते.” कारण विचारता प्रथम त्यांनी गुडघे पुढे केले. गुडघ्यांस चाकाची खुर्ची दरवाज्याशीच भाड्याने मिळते असे सूनबाईंनी सांगितल्यावर खरे कारण बाहेर आले. तिकिटाची रक्कम त्यांच्या कानावर गेली होती. या उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट तारखेप्रमाणे कमीअधिक होते, पण शंभर डॉलरांच्या खाली कधी येत नाही. तीन वर्षांखालील मुलास ते लागत नाही; तीन ते नऊ वर्षांच्या मुलास थोडे कमी पडते; पण वृद्धांस म्हणून काही सवलत नाही. जत्रेसाठी निराळे तिकीट नसते हेच काय ते समाधान. आमच्या आठ तिकिटांचा आकडा हजार डॉलरांच्या वर जात होता. त्या सुमारास डॉलराला चौऱ्याऐंशी रुपये पडत होते, आणि मातुःश्रींचा पाढा अद्याप पक्का आहे. “एवढ्याशा बशीला पावणेसातशे रुपये! माझ्या घशाखाली उतरायचे नाही रे ते. उगाच तुम्हांलाही खाताना चोरट्यासारखे होईल.”

यावर पुतण्या काही बोलला नाही. पण त्याचा चेहरा उतरला. परदेशात राहणाऱ्या मुलास आपल्या आजीला एक दिवस मिरवावे, तिला आपल्या कमाईचे चार घास आनंदाने खाताना पाहावे, यापरती हौस नसते; आणि नेमकी तीच हौस त्या रुपये-डॉलरांच्या गुणाकारापाशी अडत होती. हा अनुभव आमच्या एकट्यांचाच असेल असे आम्हांस वाटत नाही. ज्यांची मुले-नातवंडे परदेशी आहेत अशा पुष्कळ घरांतून वडील मंडळी तेथे जातात, मोटारीतून हिंडतात, आणि उपाहारगृहात बसले की “मला भूक नाही” असे म्हणून नुसते पाणी पितात. मुले समजतात, यांस रुचले नाही. वडील समजतात, आपण मुलांचे चार पैसे वाचविले. दोघांचाही दिवस वाया जातो.

यावर तोड काढली वहिनींनी. त्यांनी एक कागद घेतला आणि मातुःश्रींच्या समोर बसून दुसऱ्या दिवसाचे अंदाजपत्रक मांडण्यास आरंभ केला. प्रथम तिकिटे आणि मोटार उभी करण्याचे सुमारे तीस डॉलर, असा जो खर्च टळण्यासारखा नव्हता, तो त्यांनी एका बाजूस काढून त्यावर रेघ ओढली. “आई, हे पैसे तुमच्या नातवाने आधीच भरले आहेत; ते आता परत मिळायचे नाहीत. तेव्हा त्यांचा हिशेब आजच संपला. उद्या हिशेब करायचा तो फक्त खाण्याचा.” मग खाण्याची यादी झाली. तिखटमिठाच्या सोळा बश्या, दर आठ डॉलर, एकशे अठ्ठावीस. गोडाच्या चार बश्या, दर सात, अठ्ठावीस. चहाकॉफीचे चार पेले, दर पाच, वीस. एकूण एकशे शहात्तर. त्यावर कर अकरा डॉलर चव्वेचाळीस सेंट. मिळून एकशे सत्त्याऐंशी डॉलर चव्वेचाळीस सेंट. वरचे साडेबारा डॉलर अडीअडचणीस धरून दोनशेचा पूर्ण आकडा झाला. वर सांगितलेल्या चारशे नऊच्या मानाने हा निम्म्याहूनही कमी.

कागदावरचा आकडा खाली आला, तरी मनातला गुणाकार थांबत नाही हे वहिनी जाणून होत्या. या उद्यानात मनगटाला अडकविण्याजोगे एक लहानसे भेटकार्ड मिळते. त्यात आपण ठरवू तेवढी रक्कम भरून ठेवावयाची, आणि दुकानोदुकानी त्यातून खर्च करीत जावयाचे. रक्कम संपली की खर्च आपोआप थांबला. वहिनी म्हणाल्या, “ते दोनशेचे कार्ड उद्या तुमच्या हातात, आई. कोणी काय घ्यायचे ते तुम्हांला विचारूनच.” आयुष्यातील पन्नास वर्षे ज्यांनी वाण्याचा, दूधवाल्याचा व लग्नकार्यांचा हिशेब एकटीने सांभाळला, त्यांस हा प्रस्ताव नाकारणे कठीण होते. थोडा वेळ कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, “कॉफीचे चार पेले कशाला? तीन पुरेत. त्यातून बाळाला काहीतरी घेऊ.” त्या येणार हे तेव्हाच निश्चित झाले.

पैशाची सोय झाली. उरला चालण्या-न चालण्याचा प्रश्न. जत्रेत सर्व दुकानांच्या पदार्थांची यादी असलेली एक पुस्तिका फुकट देतात, आणि तीच यादी आधी घरबसल्याही पाहावयास मिळते. ज्या पदार्थात मांस, मासळी, दूध, अंडे व मध यांपैकी काही नाही, त्याच्यापुढे पानाचे चिन्ह असते. आपल्या शाकाहारापेक्षा हा नियम कडक आहे, हे ध्यानात ठेवावे. कारण दुधातुपाचा पदार्थ आपल्याला चालणारा असला तरी त्यास हे चिन्ह मिळत नाही. यास्तव सूनबाईंनी यादीचे तीन भाग केले. पानाचे चिन्ह असलेले पदार्थ निर्धोक, ते मातुःश्रींसह सर्वांस. चिन्ह नाही पण वर्णनात मांसमासळी दिसत नाही असे पदार्थ विचारून घ्यावयाचे. आणि बाकीचे आमच्यापुरते वर्ज्य.

‘विचारून’ या सदराचे महत्त्व किती आहे याचे एक उदाहरण देतो. कॅनडाच्या दुकानी चेडर चीजचे सार मिळते व त्याची ख्याती फार मोठी आहे. नावावरून कोणासही ते दुधाचे वाटावे. पण त्यात बेकन, म्हणजे खारविलेले डुकराचे मांस असते. तिकडच्या सारांचा आधार पुष्कळदा मांसाच्या रश्शाचा असतो. काही चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजलेले असते. गोड पदार्थांपैकी कित्येकांत मद्य घातलेले असते, आणि वाफलसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थात अंडे असते. विचारण्यात कमीपणा मानू नये. तेथे अमुक पदार्थ सोसत नाही असे सांगणारे लोक दररोज येत असल्यामुळे दुकानातील माणसे न कंटाळता उत्तर देतात, आणि शंका असल्यास आतल्या स्वयंपाक्यास विचारून येतात. जत्रेच्या नावातच वाइन आहे हे पाहून मातुःश्री जरा बिचकल्या होत्या. मद्याचे पेले त्याच दुकानांतून विकतात हे खरे. पण कोणी आग्रह करीत नाही, आणि एकवीस वर्षांखालील माणसास ते मिळतही नाहीत.

तिसरी तयारी डब्याची. या उद्यानात घरचे खाणे नेण्यास बंदी नाही, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. काचेची भांडी व सुटा बर्फ मात्र चालत नाही. तेव्हा लोणच्याची बरणी घरी ठेवून लोणचे प्लॅस्टिकच्या डबीत घ्यावे. आम्ही दशम्या, तीळ-लसणीची कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, बाळासाठी दहीभात आणि दिवाळीच्या फराळातला उरलेला चिवडा व शंकरपाळे बरोबर घेतले. दशमी दुधात भिजविलेली असल्याने मऊ राहते, आणि जुन्या लोकांस प्रवासात ती चालत असे. आमच्या बेताचे सूत्र हे की, पोट डब्याने भरावयाचे आणि जीभ जत्रेने. भुकेल्या माणसाने चवीच्या बश्यांवर पोट भरू पाहणे म्हणजे अत्तराच्या कुपीने स्नान करू पाहण्यासारखे आहे. पिण्याच्या पाण्यावरही पैसे घालवू नयेत. नेहमीच्या खाद्यगृहांच्या खिडकीशी मागितले असता बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात.

गुरुवारी सकाळी घरी पोहे खाऊन निघालो. देशोदेशींचा भाग अकरा वाजता उघडतो. त्याआधी पुढच्या भागातील प्रचंड रुपेरी गोल सर्वांनी पाहून घेतला, आणि साडेदहाच्या सुमारास एका झाडाखाली बसून प्रत्येकी एक-एक दशमी खाल्ली. नोव्हेंबराचा मध्य असल्याने हवा सुखद होती. जत्रेच्या आरंभी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात येणाऱ्यांस मात्र भाजून काढणारे ऊन व दुपारचा गडगडाटी पाऊस यांची तयारी ठेवावी लागते.

मेक्सिकोच्या पिरॅमिडापासून प्रदक्षिणा सुरू केली. आमचा क्रम असा होता: दादा व पुतण्या यांनी रांगेत उभे राहावे, सूनबाईंनी पदार्थाची चौकशी करावी, आणि बशी आली की वहिनींनी ती वाढावी. ‘वाढावी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. एका बशीत चौघांनी चमचे घालणे तिकडे चालते. आमच्या घरी उष्ट्याचा विचार अजून आहे. म्हणून घरून आठ लहान स्टीलच्या वाट्या व चमचे नेले होते. बशीला कोणाचा चमचा लागण्यापूर्वीच वहिनी तिचे चार भाग करीत. सोळा बश्यांचे चौसष्ट भाग, माणशी आठ, असा तो हिशेब. बसावयास जागा अपुरी असते, पुष्कळसे लोक उंच मेजांशी उभ्यानेच खातात. मातुःश्रींची चाकाची खुर्ची आमच्या पंगतीचे मध्यस्थान झाली, आणि आम्ही तिच्याभोवती उभे राहिलो.

पहिल्या दोन दुकानांशी मातुःश्री संकोचल्या. तिसऱ्या दुकानी त्यांनी स्वतःच पुस्तिका मागून घेतली. ब्राझीलच्या दुकानी ‘पाओ दे केझो’ नावाचे लहान गोल पाव मिळतात. ते गव्हाचे नसून कसाव्याच्या कंदाच्या पिठाचे असतात व त्यांत चीज घालतात. अंड्याच्या शंकेमुळे मातुःश्रींनी ते घेतले नाहीत. पण कसाव्याच्या कंदापासूनच आपला साबुदाणा होतो हे ऐकताच, “मग तुमच्या ब्राझीलने एकादशीची तरी सोय केली म्हणायची,” असे म्हणून त्यांनी मुलांसाठी आणखी एक बशी मंजूर केली. ग्रीसच्या दुकानी तव्यावर भाजलेले चीज, वर पिस्ते व मध, असा पदार्थ असतो. तो चौकशीअंती त्यांनी चाखला, आणि “खरवसाला कोणी फोडणीच्या तव्यावर टाकले तर असे लागेल” असा अभिप्राय दिला. भारताच्या दुकानी पूर्वी काही वर्षी फुलकोबी, गाजर व छोले घातलेली ‘मद्रास रेड करी’ बासमती भातासह मिळे व तिला पानाचे चिन्ह असे, हे आम्ही वाचले होते. पण मातुःश्रींचा हुकूम झाला, “भारत राखून ठेवा. शेवटी मला भूक लागली तर पाहू.” घरचे अन्न खाण्यास इतक्या दूर आलो नाही, हे त्यांनी आम्हांस सांगावे यात आम्हांस मौज वाटली.

खाण्याच्या मध्ये पाहणे व बसणे यांस वेळ ठेवावा, हेही बेताचेच अंग आहे. अमेरिकेच्या इमारतीत त्या देशाच्या इतिहासाचा सुमारे अर्ध्या तासाचा खेळ थंड सभागृहात बसून पाहता येतो. वडीलधाऱ्यांस दुपारी विसावा देण्यास याहून चांगली जागा नाही. तळ्याच्या काठच्या उघड्या रंगमंदिरात जत्रेच्या दिवसांत गायनाचे कार्यक्रम होतात व त्यांस निराळे पैसे पडत नाहीत. जपानचे तांबडे तोरणद्वार पाण्यात उभे आहे. ते तेथील इत्सुकुशिमा देवस्थानाच्या द्वारावरून बेतले आहे. मोरोक्कोच्या भागातील रंगीत फरशांची नक्षी मात्र आम्ही सर्वांत अधिक वेळ पाहिली. राजे दुसरे हसन यांनी स्वदेशातून खास कारागीर पाठवून ते काम करविले होते. इतर बहुतेक ठिकाणी देखाव्याचे चातुर्य दिसते. येथे हाताचा संस्कार दिसतो.

फ्रान्सच्या भागात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाळ दहीभात खाऊन निजला होता, आणि आठ वर्षांच्या नातीने बेल्जियमच्या दुकानी खाल्लेल्या चॉकलेटच्या वाफलची पुन्हा आठवण काढली. सूनबाई तिला दटावू लागल्या. मातुःश्रींनी मनगटावरचे कार्ड दाखवून विचारले, “अजून किती उरले आहेत?” हिशेब पाहता चौदा तिखटाच्या व चार गोडाच्या बश्या आणि तीन कॉफ्या होऊन तेहेतीस डॉलर शिल्लक होते. “मग तिला दटावतेस कशाला? पैसे आहेत, भूक आहे, आणि आजी आहे.” पुतण्या स्वतः जाऊन ती बशी घेऊन आला. दिवसभरात मातुःश्रींनी रुपयांत गुणाकार केल्याचे आमच्या कानांवर आले नाही. तो करण्याचे त्यांस कारणच उरले नव्हते. कारण खर्च आपल्यावर होत आहे असे नसून आपण तो करीत आहोत, असे त्या दिवसापुरते झाले होते. रात्री नऊच्या सुमारास तळ्यावर दारूकाम झाले, ते पाहून आम्ही परतीस लागलो. शिल्लक रक्कम त्या कार्डातच राहते व पुढेही चालते, म्हणून मातुःश्रींनी ते सूनबाईंच्या हाती दिले.

आता ज्यांस अशा जत्रेचा योग येईल त्यांच्यासाठी चार गोष्टी एकत्र सांगून ठेवतो. टळण्यासारखा नाही असा खर्च आधी निराळा काढावा, आणि त्याचे नाव त्या दिवशी पुन्हा घेऊ नये. खाण्याची रक्कम आदल्या रात्री ठरवावी, करासह मांडावी, आणि ती घरातील वडील व्यक्तीच्या हाती द्यावी. पदार्थांची यादी घरीच तीन भागांत पाडावी, म्हणजे दुकानाशी वादावादी होत नाही. डबा न्यावा, वाट्या न्याव्या, आणि बशी आधी वाढून घ्यावी. तीन-चार माणसांच्या कुटुंबास एका दिवसात जेवढ्या चवी परवडतील, त्याहून दुप्पट चवी आठ माणसांच्या कुटुंबास माणशी कमी खर्चात मिळतात. एकत्र कुटुंबाच्या फायद्यांची चर्चा मासिकांतून वर्षानुवर्षे होत आली आहे. तीत हा एक लहानसा फायदा आम्ही आमच्याकडून जमा करतो.

अंदाजपत्रक हा शब्द ऐकला की काटकसर, नकार व आंबट चेहरे डोळ्यांपुढे येतात. पण घरातील प्रत्येकाला, आणि विशेषतः जे स्वतः मिळवत नाहीत अशा वृद्धांस, संकोच न धरता घास घेता यावा, यासाठीही हिशेब लागतो. किती खर्च होणार हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच मोकळ्या मनाने जेवता येते. आणि जेवणाच्या जत्रेस जाऊन मोकळ्या मनाने जेवता आले नाही, तर घरचा वरणभात काय वाईट होता?